शिवीचे भांडवल

गृहरचना संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर वरचेवर येतो, त्यांना मनुष्यस्वभावाच्या अभ्यासासाठी निराळे ग्रंथ चाळण्याची गरज उरत नाही. आमच्या संस्थेच्या अशाच एका सभेत, पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवर झालेल्या खर्चाची बाब निघाली असता, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी ताळेबंदातील एका रकमेचा खुलासा मागितला, तेव्हा कार्यकारिणीतील एका सभासदाने, "तुम्ही जन्मभर टेबलाखालचे हिशेब केलेत, टेबलावरचे तुम्हाला काय कळणार?" असा कडवट टोला त्यांना हाणला. पाच मिनिटांनी त्याच रकमेसंबंधी, आणि खरे सांगायचे तर त्यांच्याहून नेमका असा प्रश्न, तिसऱ्या मजल्यावरील एका बाईंनी विचारला. त्यांना मिळालेले उत्तर मात्र फारच गोड होते. "मॅडम, हा जरा टेक्निकल विषय आहे. तुमच्या मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." सभेत हशा पिकला. या बाईंची वीस वर्षे एका बँकेत हिशेब तपासण्यात गेलेली, आणि त्यांचे यजमान चित्रकार. त्यांना विजेचे बिल भरण्याचीसुद्धा आठवण करून द्यावी लागते, ही गोष्ट हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी ठाऊक होती.

सभा संपल्यावर जिन्यात महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी तावातावाने म्हणाली, "हा सरळसरळ सेक्सिझम आहे." त्यावर तिच्याबरोबर उतरणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी तिला थांबवून विचारले, "अगं, त्या साहेबांना चारचौघांत लाचखाऊ म्हटलं आणि बाईंना नुसतं मॅडम म्हटलं. मग अपमान मोठा कुणाचा झाला? भांडणात कोण कुणाला बोलत नाही?" मुलीला उत्तर सुचले नाही. प्रश्न तसा झटकून टाकण्यासारखा नव्हताच. वादाच्या भरात पुरुष पुरुषांनाही वाटेल ते बोलतात. मग तोच तिखटपणा एखाद्या स्त्रीच्या वाट्याला आला, तर त्याला एवढ्या मोठ्या नावाने का संबोधावे, आणि तसे संबोधल्याने आपण स्त्रीला समानतेऐवजी सवलत तर देत नाही ना, अशी शंका अनेक समंजस माणसांच्या मनात असते. तिचे निरसन करायचे तर प्रथम त्या नावाकडेच वळावे लागेल.

सेक्सिझम या शब्दाला मराठीत अजून सर्वमान्य प्रतिशब्द सापडलेला नाही. 'लिंगभेद' म्हणावे तर तो शब्द स्त्री आणि पुरुष यांतील निव्वळ फरक सांगतो, अन्यायाविषयी काही बोलत नाही. 'लैंगिक भेदभाव' या शब्दाला शासकीय परिपत्रकाचा वास येतो. आणि 'स्त्रीद्वेष' म्हणावे तर त्यात द्वेष गृहीत धरावा लागतो, जो पुष्कळदा नसतोच. 'मिस्टरांना पाठवा' म्हणणाऱ्या आमच्या सभासदाच्या मनात स्त्रीजातीविषयी तिळमात्र द्वेष नाही. आपल्या मुलीच्या शिक्षणासाठी त्याने कर्ज काढले आहे आणि नवरात्रात देवीच्या आरतीला तो सर्वांत पुढे असतो. इंग्रजीतील मूळ शब्दही काही पुरातन नाही. पॉलीन लीट नावाच्या अमेरिकन विदुषीने १९६५ साली एका महाविद्यालयातील चर्चेत तो वंशभेदाच्या इंग्रजी शब्दाच्या धर्तीवर योजला. कातडीच्या रंगावरून माणसाची योग्यता ठरवणाऱ्याला आपण ज्या नावाने ओळखतो, त्याच प्रकारचे नाव केवळ बाई आहे म्हणून तिची योग्यता ठरवणाऱ्यालाही असावे, एवढाच त्यामागचा मुद्दा होता. म्हणजे या शब्दाला रागाशी किंवा शब्दांच्या कठोरपणाशी कर्तव्य नाही. मधासारख्या गोड वाक्यातही तो दोष असू शकतो, आणि अंगाचा तिळपापड करणाऱ्या वाक्यातही तो नसू शकतो.

या दुसऱ्या शक्यतेचे उदाहरण आपल्याकडच्या फार जुन्या वादसभेत सापडते. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या यज्ञमंडपात याज्ञवल्क्यांना एकामागून एक ब्राह्मण प्रश्न विचारीत आहेत, आणि त्यांत वाचक्नवी गार्गी ही एक स्त्री आहे. हे जग कशात ओवलेले आहे, ते कशात, मग ते कशात, अशी तिची प्रश्नमालिका जेव्हा थांबेना, तेव्हा याज्ञवल्क्यांनी तिला बजावले की, आता याच्यापुढे विचारशील तर तुझे मस्तक गळून पडेल. हा प्रसंग सांगून, प्राचीन ऋषीनेही स्त्रीला धमकावून गप्प केले, असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचलेले आहेत. परंतु ती कथा तेथेच संपत नाही. त्याच सभेत शाकल्य विदग्ध नावाचा पुरुषही असाच प्रश्नांचा भडिमार करतो, त्यालाही तेच भय घातले जाते, आणि त्याचे मस्तक तर खरोखरच गळून पडते! गार्गी मात्र काही वेळाने पुन्हा उभी राहते, धनुष्याला प्रत्यंचा चढवून दोन बाण हाती घेतलेल्या वीराची उपमा स्वतःला देते, दोन प्रश्न विचारते, आणि उत्तरे ऐकून, यांना ब्रह्मविद्येच्या वादात तुमच्यापैकी कोणीही जिंकू शकणार नाही, असा निवाडा भर सभेत ती स्वतः देते. मस्तक गळण्याची धमकी सौम्य खचितच नव्हे. पण ती त्या सभेची रीत होती, आणि ती स्त्रीपुरुषांना सारखीच लागू होती. तू बाई आहेस, तुला यातले काय कळणार, असे गार्गीला तेथे याज्ञवल्क्य म्हणत नाहीत.

आपल्या न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले, आणि कोणत्या कारणांनी प्रतिपक्षी हरला असे समजावे याची बावीस निग्रहस्थाने मोजून दिली. प्रतिज्ञा सोडणे, असंबद्ध बोलणे, वेळेवर उत्तर न सुचणे अशी ती सारी कारणे आहेत. प्रतिपक्षी स्त्री असणे हे त्या बाविसांत कोठेही नाही. ते तेविसावे निग्रहस्थान पुढे लोकांनी आपल्या सोयीसाठी वाढवले, असे म्हणावे लागेल.

म्हणून पहिली कसोटी अगदी साधी आहे. स्त्रीला उद्देशून काढलेला उद्गार उचलावा आणि तशाच परिस्थितीतील पुरुषापुढे ठेवून पाहावा. 'तुमचा हिशेब चुकला आहे', 'तुम्ही खोटे बोलता', 'तुमच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा' ही वाक्ये पुरुषालाही जशीच्या तशी लागू पडतात. ती उद्धट असतील, अन्यायाचीही असतील, पण त्यांना सेक्सिझम म्हणणे म्हणजे शब्दाची नासाडी करणे होय. निवृत्त गृहस्थांना मिळालेला टोला याच जातीचा. तो खोटा असेल तर अब्रुनुकसानीचा आहे, पण तो त्यांच्या नोकरीवर होता, त्यांच्या पुरुष असण्यावर नव्हता. उलट 'तुमच्या मिसेसना पाठवा' हे वाक्य त्यांना कोणी म्हणाले असते काय? त्या वाक्याची नुसती कल्पना केली तरी ते हास्यास्पद वाटते, आणि ते ज्या कारणाने हास्यास्पद वाटते, तेच कारण बाईंच्या वाट्याला आलेल्या सौजन्याच्या मुळाशी आहे.

ही कसोटी मात्र पुरेशी नाही, हे कबूल केले पाहिजे. 'चिडू नका', 'शांतपणे घ्या' ही वाक्ये दोघांनाही म्हणता येतात. परंतु पुरुषाने आवाज चढवला की तो बाणेदार ठरतो आणि बाईने चढवला की ती कजाग ठरते, अशा समाजात तेच वाक्य दोन ठिकाणी दोन वजनांनी पडते. तेव्हा शब्द कोणते याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि माझ्या मते निर्णायक तीच आहे. प्रत्येक शिवीमागे काही भांडवल लागते. बोलणाऱ्याने ते स्वतः कमावलेले नसते. समाजाने आधीच साठवून ठेवलेल्या समजुतीवर तो हुंडी काढतो, आणि ऐकणारे ती वटवतात. सभेत पिकलेला हशा म्हणजे हुंडी वटल्याचा आवाज होय. बाईंना हिशेब कळत नाही ही गोष्ट त्या सभासदाला सिद्ध करावी लागली नाही. ती सर्वांनी आधीपासूनच जमा धरली होती.

हे भांडवल केवढे आहे याचा अंदाज घ्यायचा तर मराठी शिव्यांची मोजदाद करावी. विषय सभ्य नव्हे, पण कोशकारांनी जे टाळले नाही ते निबंधकारानेही टाळू नये. पुरुषाला आपण चोर, भामटा, लबाड, ऐतखाऊ, हरामखोर म्हणतो; हे शब्द त्याच्या कृत्यांविषयी असतात, आणि उद्यापासून तो नीट वागू लागला तर ते त्याला चिकटणार नाहीत. स्त्रीला दिलेल्या शिव्या तिच्या अवस्थेविषयी असतात. पतीचा मृत्यू हे दुर्दैव खरे. पण 'रांड' या एकाच शब्दात विधवा आणि वेश्या असे दोन्ही अर्थ आपल्या भाषेने बिनदिक्कत एकत्र नांदवले, आणि एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थने आपला कोश रचला तेव्हा त्यालाही ते एकत्रच नोंदवावे लागले. पुरुषाच्या पत्नीचा मृत्यू झाल्यास तो विधुर होतो, लवकरच बिजवर होतो, आणि या दोहोंपैकी एकही शब्द भांडणात कामाला येत नाही. मूल न होणे हे 'वांझोटी' म्हणून स्त्रीच्या कपाळी मारले जाते. बाहेरख्यालीपणा पुरुषाने केला तर तो 'रंगेल', आणि त्या शब्दात थोडे कौतुकही असते. स्त्रीवर तसा नुसता संशय आला तरी तिच्यासाठी डझनभर शब्द तयार असतात, ते येथे देण्याचे कारण नाही.

याहून चमत्कारिक प्रकार देवींचा आहे. ज्या भवानीपुढे आपण नारळ फोडतो, तिचेच नाव बाहेरून उशिरा आलेल्या मुलीला 'कुठं उंडारत होतीस, भवानी?' असे विचारताना आपण शिवीसारखे वापरतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर 'भटकभवानी' असा समास करतो. जगाला व्यापून असणारी महामाया भांडखोर शेजारणीच्या अंगावर जाते. बाळाच्या कपाळी पाचवीच्या रात्री नशीब लिहिणारी सटवाई 'सटवी' होते. देव मात्र असे कामाला लागत नाहीत. उशिरा घरी आलेल्या मुलाला 'कुठं होतास, रे खंडोबा?' असे म्हटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मारुतीची उपमा कोणाला दिलीच, तर ती त्याच्या बळासाठी असते.

आणि जिथे भांडणात स्त्रीचा दुरूनही संबंध नसतो, बांधावरून किंवा गाडी उभी करण्याच्या जागेवरून दोन पुरुषच हातघाईवर आलेले असतात, तिथेही शिवी जाते ती समोरच्याच्या आईवरून नाही तर बहिणीवरून. बांध दोघांचा, राग दोघांचा, आणि अब्रू मात्र घरी भाकरी थापीत बसलेल्या तिसरीची! शत्रूला भ्याड म्हणायचे झाले तर त्याला बांगड्या भरायला सांगायच्या किंवा 'बायल्या' म्हणायचे. आंदोलनांत अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्या ठेवण्याचा जो विधी आपल्याकडे रूढ आहे, त्यात कधीकधी स्त्री कार्यकर्त्याच पुढे असतात, आणि आपण स्वतःचेच नाव शिवीसारखे वापरीत आहोत हे त्यांच्याही ध्यानात येत नाही. ध्यानात न येण्याइतके ते भांडवल जुने आहे.

या व्यवहाराचा हिशेब आपल्या भाषेत ज्या बाईने प्रथम मांडला, तिची आठवण येथे थोडी विस्ताराने केली पाहिजे. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर, लोकलज्जेस्तव आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा खटला चालला आणि तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती पुढे सौम्य करण्यात आली. ज्या समाजाने तिला पुनर्विवाहाची मुभा ठेवली नव्हती आणि ज्या पुरुषाचे नाव कोणी घेत नव्हते, त्या दोहोंना सोडून वृत्तपत्रांतील चर्चा स्त्रियांच्या बिघडलेल्या नीतीकडे वळली. 'पुणे वैभव' या पत्राने त्यात विशेष उत्साहाने भाग घेतला. त्याला उत्तर म्हणून वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती निघाल्या आणि किंमत नऊ आणे होती. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे सभासद होते, आणि मुलीला त्यांनी शिकवले होते.

पुस्तकाच्या नावातच त्याची युक्ती सामावलेली आहे. स्त्रिया निर्दोष आहेत, देवता आहेत, अशी वकिली ताराबाई करीत नाहीत. साहस, कपट, अविचार, अज्ञान असे जे जे दुर्गुण स्त्रीच्या नावावर परंपरेने मांडले जात, ते एकेक उचलून त्या पुरुषाशेजारी ठेवतात आणि विचारतात की हेच तुमच्या अंगी नाहीत काय, आणि असतील तर नाव एकटीचेच का? आपण मघाशी जी कसोटी म्हटली, ती त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, बोचऱ्या आणि बोलक्या मराठीत, पानोपानी लावून दाखवली आहे. त्या स्वतः शिव्यांची कंजूषी करीत नाहीत, हेही सांगून टाकावे. ढोंगी सुधारकांना आणि पोथीनिष्ठांना त्यांनी जे फटके दिले आहेत, त्यांपुढे आमच्या सभासदाचा टोला म्हणजे मोरपीस होय. मग ताराबाई पुरुषांचा अपमान करतात तो दोष नव्हे काय, असे विचारणारे तेव्हाही होते. उत्तर पुन्हा भांडवलाचेच आहे. ताराबाईंनी पुरुषाला ढोंगी म्हटल्यामुळे कोण्या पुरुषाची वतनदारी गेली नाही, कोणाचा शब्द न्यायालयात हलका झाला नाही. त्यांच्या शिवीमागे त्यांची लेखणी होती, बाजारात दुसरी पत नव्हती.

पुस्तकावर टीकेची झोड उठली, आणि ती पुस्तकातील मुद्द्यांवर थोडी व लिहिणाऱ्या बाईवर फार होती. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू उघडपणे घेतली. पण त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. ते पुस्तक जवळजवळ नव्वद वर्षे विस्मृतीत राहिले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. एखादा युक्तिवाद खोडून काढणे कठीण झाले म्हणजे युक्तिवाद करणारीलाच खोडून काढायचे, हा मार्ग किती किफायतशीर असतो, हे या नव्वद वर्षांवरून दिसते.

ताराबाईंचे पुस्तक विस्मरणात जात होते त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि नांदावयास न गेलेल्या रखमाबाईंवर त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला; अपिलानंतर खटला पुन्हा चालून मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, पतीच्या घरी जावे अथवा सहा महिने तुरुंगात जावे, असा हुकूम दिला, आणि रखमाबाईंनी आपण तुरुंग पत्करू असे कळवले. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले. त्या पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केले.

या खटल्यात विरुद्ध बाजूने जे लिहिले गेले ते सगळे एका मापाने मोजणे योग्य होणार नाही. हिंदू विवाहात दावा कोणत्या कायद्याखाली चालावा, इंग्रजी न्यायालयाने धर्मशास्त्रात कितपत हात घालावा, असे प्रश्न टिळकांच्या 'केसरी'ने आणि 'मराठा'ने हिरिरीने मांडले. त्यांची उत्तरे आज आपल्याला अमान्य असली, तरी ते प्रश्न वादाच्या कक्षेतले होते, आणि रखमाबाईंच्या पक्षानेही त्यांना युक्तिवादानेच तोंड दिले. पण त्याच लिखाणात दुसराही एक प्रवाह होता: शिकल्यामुळे ही मुलगी बिघडली, इंग्रजी विद्येने स्त्रिया उच्छृंखल होतात, ही पाहा त्याची साक्ष. येथे वाद बदलला. रखमाबाईंनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहावर जी पत्रे लिहिली होती, त्यांतील म्हणणे खरे की खोटे हा प्रश्नच त्यामुळे बाजूला पडला, आणि इतके नेटके लिहू शकणारी स्त्री विश्वासास पात्र आहे काय, हा नवाच प्रश्न पटलावर आला. न लिहिणारी अडाणी म्हणून तिचे ऐकायचे नाही, आणि लिहिणारी शिकून बिघडलेली म्हणूनही ऐकायचे नाही. मग ऐकायचे तरी कोणाचे? एकाच मजकुरात वाद आणि अवमान असे शेजारी शेजारी नांदू शकतात, म्हणून संपूर्ण माणसाला एक शिक्का मारण्यापेक्षा वाक्यावर बोट ठेवणे बरे, असे मला वाटते.

संतचरित्रांतून वाढलेल्या वाचकांना आणखी एक नाव सहज आठवेल. तुकोबांची पत्नी जिजाई परंपरेने कर्कशा म्हणून प्रसिद्ध आहे. दुष्काळाने मोडलेल्या घरात, आलेले धान्य वाटेतच वाटून टाकणाऱ्या नवऱ्याला, मुलांच्या तोंडात काय घालू, असे ती विचारीत असे. प्रश्न हिशेबाचा होता, आणि नोंद मात्र तिच्या स्वभावाची झाली. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटात गौरी या नटीने ती भूमिका अशा काही समजुतीने केली, की प्रेक्षक तिला हसता हसता तिच्या बाजूचे झाले.

स्त्रीवादाच्या कैवाऱ्यांपैकी काहींना पटणार नाही अशी एक गोष्ट आता सांगितली पाहिजे. वादात उतरलेल्या स्त्रीला विरोध सोसावाच लागेल, आणि तो नेहमी मखमली असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. तिचे आकडे चुकले तर ते चुकले असे म्हणायलाच हवे. तिने थाप मारली तर तिला थापाडी म्हणण्यात गैर नाही. ती दुखावेल म्हणून कोणी मुद्दा गिळून, "राहू द्या ताई, तुमचंच बरोबर" असे म्हणत असेल, तर त्याने तिला वादातून अलगद उचलून बाहेर ठेवले, आणि हा अपमान शिवीपेक्षा सुबक असल्यामुळे त्यावर फिर्यादही करता येत नाही. तसेच, हा दोष केवळ पुरुषांच्या तोंडीच असतो अशीही समजूत नको. सुनेने पगाराविषयी एखादा बेताचा प्रश्न विचारला असता, "दोन पैसे मिळवते म्हणून बाईचा बाप्या झाला का?" असे विचारणारी सासू तेच भांडवल वापरीत असते, आणि तिच्या उमेदीच्या काळात ते तिच्यावरही वापरलेले असते.

कायद्याचे या बाबतीतले धोरण मोठे मनोरंजक आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ५०९ हे स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दाला, आवाजाला किंवा हावभावाला शिक्षा सांगत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेत तेच कलम ७९ होऊन आले आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची व दंडाची आहे. म्हणजे कायदा रक्षण करतो ते स्त्रीच्या विनयाचे. तिच्या बुद्धीचा, तिच्या हिशेबाच्या ज्ञानाचा, साक्ष देण्याच्या तिच्या लायकीचा अपमान या कलमात बसत नाही. अश्लील शब्द उच्चारणारा त्यात सापडेल. 'मिस्टरांना पाठवा' म्हणणारा सापडणार नाही, आणि त्याला तुरुंगात घालावे असे माझेही म्हणणे नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये, धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, न्यायाधीशांसाठी व वकिलांसाठी एक पुस्तिका काढली, आणि तीत शब्दांबरोबर गृहीतकांचीही झडती घेतली. स्त्रिया अतिभावनाप्रधान असतात, त्यांना तर्कशुद्ध निर्णय घेता येत नाही, हे गृहीतक तीत नोंदवून, माणसाच्या विचारशक्तीचा त्याच्या लिंगाशी संबंध नाही, असे त्याच्यासमोर स्पष्ट लिहिले आहे. निवाड्याच्या भाषेत जे शिरते ते दप्तरी कायम होते, म्हणून ही सावधगिरी न्यायालयाला घ्यावीशी वाटली असावी.

एका गावाने मात्र पुस्तिकेची वाट पाहिली नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचे सुमारे अठराशे वस्तीचे गाव आहे. ज्या नेवाशाला पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे मानतात, तो हाच तालुका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सौंदाळ्याच्या ग्रामसभेने असा ठराव केला, की गावात कोणी आईबहिणीवरून शिवी दिली तर त्याला पाचशे रुपये दंड करावा. सरपंच शरद आरगडे यांनी पुढाकार घेतला आणि गावाने तो उचलून धरला. त्याआधी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसण्याची आणि बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. सौंदाळ्याच्या ठरावाने स्त्रीवरून शिवी देणाऱ्याची जीभ धरली, तर हेरवाडच्या ठरावाने 'रांड' हा शब्द जिच्यावर बेतला होता त्या अवस्थेलाच हात घातला. दोन्ही ठराव एकमेकांना न विचारता झाले असतील, पण ते एकाच खात्यावरील आहेत.

सौंदाळ्याच्या ठरावाची बातमी आमच्या संस्थेत पोहोचली तेव्हा त्यावर थट्टा बरीच झाली. पाचशे रुपये वसूल कोण करणार, साक्षीदार कोण आणणार, येथपासून ते, मग माणसाने भांडायचे तरी कशाने, येथपर्यंत. या शेवटच्या चिंतेचे मात्र काही कारण दिसत नाही. टोणगा, ठोंब्या, शुंभ, नंदीबैल, दगडोबा, अकलेचा कांदा, शेणामेणाचा, आणि आमच्या कोकणात ऐकू येणारे शेकडो खमंग प्रकार, ही सारी शिल्लक कोणाच्या आईला वा बहिणीला न दुखवता जशीच्या तशी वापरण्याजोगी आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत टाकीच्या त्या रकमेचा प्रश्न बाई पुन्हा विचारणार आहेत. त्यांनी पावत्यांच्या छायाप्रती काढून ठेवल्या आहेत, आणि त्यांचे यजमान त्या दिवशी चित्रप्रदर्शनासाठी बाहेरगावी असणार आहेत.